पाळण्यातली संत स्त्रियांची नावे: एक आढावा

मुलगी झाली, बारशाची तयारी सुरू झाली आणि नावांच्या यादीत कोणी मुक्ताई, जनी, बहिणा, सखू, सोयरा किंवा वेणा असे एखादे नाव घातले, की घरात दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, हे तर पणजीचे नाव, पोरीला शाळेत चिडवतील. दुसरी म्हणते, अर्थ शोधत बसावा लागणाऱ्या नावांपेक्षा आपल्या संतांचे नाव शतपटीने बरे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी लागणारी सामग्री विखुरलेली आहे: थोडी धर्मशास्त्रात, थोडी संतचरित्रांत, थोडी नावांच्या फॅशनचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रात आणि बरीचशी गेल्या दीडशे वर्षांच्या सामाजिक इतिहासात. ती एकत्र मांडून पाहिली की एक गोष्ट ठळक होते. ‘जुने नाव’ या आक्षेपाचा रोख वाटतो तितका नावाच्या वयावर नसतो. तेवढीच जुनी कितीतरी नावे आज हौसेने ठेवली जातात. खरी अडचण असते ती, त्या नावाच्या बायका आपल्या आठवणीत कोणत्या कामात, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या जातीत दिसतात, याची. हे म्हणणे पुराव्यावर कितपत टिकते आणि त्याच्या विरुद्ध काय सांगता येते, हे तपासण्यासाठी हा आढावा.

नाव ठेवण्याचा अधिकार आणि नावाचे आयुष्य

मराठी हिंदू घरांत बहुधा बाराव्या दिवशी बारसे होते, बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या त्याच्या कानात नाव सांगते. पंचांग मानणाऱ्या घरांत जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात. मघा नक्षत्राची अक्षरे मा, मी, मू, मे. तेव्हा अक्षर काटेकोर पाळणाऱ्या घरात मुक्ता हे नाव यायला मुलीचा जन्म मघाच्या तिसऱ्या चरणावर व्हावा लागेल. पण जन्मनाव एक आणि व्यवहारातले नाव दुसरे, अशी सोय परंपरेतच असल्याने पंचांगाची अडचण सहसा निर्णायक ठरत नाही. धर्मशास्त्राचेही तसेच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चाराला सोपे, क्रूर अर्थ नसलेले, मनाला आवडणारे, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वादासारखे असावे, असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात कोणत्या नावाची मुलगी वरू नये याची यादी येते. तीत नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, पक्ष्याचे नाव वर्ज्य आहे, तसेच अंत्यजवाचक आणि दासीवाचक नावही वर्ज्य आहे. महाराष्ट्राने यातला नदीचा नियम कधीच मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, चंद्रभागा ही नावे शतकानुशतके घरोघरी होती. तुकोबांच्या मुलींची नावेच परंपरा काशी, भागीरथी आणि गंगा अशी सांगते. यादीतल्या शेवटच्या दोन नियमांचे काय झाले, हे पुढे पाहू.

मुलीच्या नावाबाबत एक गोष्ट मुलाच्या नावाला लागू नव्हती. माहेरचे नाव लग्नापर्यंतच चालायचे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले जायचे आणि तिथून पुढे मुलगी त्या नावाने ओळखली जायची. रमाबाई रानडे लग्नाआधी यमुना होत्या. आनंदीबाई जोशीही लग्नाआधी यमुनाच. म्हणजे आईवडिलांनी विचारपूर्वक ठेवलेले नाव दहाबारा वर्षांत पुसले जाण्याची शक्यता मोठी. आज ही चाल बरीच मागे पडली आहे आणि कागदपत्रांनी नावाला वेगळेच स्थैर्य दिले आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांची नावे सरकारी कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव या क्रमाने लिहायची आहेत. पूर्वी मुलीच्या नावाकडे तात्पुरते म्हणून पाहता येत होते. आता ते जन्मभराचे झाले आहे, आणि संतनावाचा वाद आजच इतका जिव्हाळ्याचा होण्यामागे हे एक कारण असावे.

संतनाव ठेवण्याची चाल किती जुनी?

संताचे नाव बाळाला देणे ही प्रथा काही समाजांत नियमाने बांधलेली आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नाव दिले जाईल याची दक्षता धर्मगुरूंनी घ्यावी, आणि पालकांचे मन वळवता आले नाही तर त्यांनी सुचवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवहीत लिहावीत, असा आदेश होता. १९८३च्या संहितेने तो सैल केला. ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे, एवढीच अपेक्षा उरली. गोवा आणि वसईतल्या कॅथलिक घरांत आज संतनावांच्या जोडीला भारतीय नावेही दिसतात, त्याला या बदलाचाही हातभार लागला असावा. चर्चच्या व्यवस्थेत संत कोण हे ठरवायची अधिकृत पद्धत आहे, प्रत्येक संताचा सण आहे, आणि त्या नावाचे मूल त्या संताच्या आश्रयाखाली येते अशी श्रद्धा आहे.

वारकरी परंपरेत असे काहीच नाही. संतपद देणारे पीठ नाही, संतनाव ठेवण्याचा आदेश नाही. संतांची माळ गुंफली ती नामदेवांच्या नावावरच्या चरित्रपर अभंगांनी, महिपतींच्या १७६२च्या ‘भक्तविजय’ आणि १७७४च्या ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांनी, कीर्तनकारांनी आणि विसाव्या शतकात सिनेमाने. तरीही मुलांच्या बाबतीत संतनावे ठेवण्याची चाल चांगलीच रुजली. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, नामदेव, एकनाथ, तुकाराम ही नावे महाराष्ट्रात गावोगाव आणि जातीजातींत पसरली. दलित कवी नामदेव ढसाळ ज्या समाजातून आले, तिथेही नामदेव हे नाव परके नव्हते. या पुरुषनावांचे जातींच्या सीमा ओलांडून जाणे ही या वादातली फार महत्त्वाची बाब आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. जनाबाई, सखुबाई, मुक्ताबाई, बहिणाबाई, भागूबाई या नावाच्या बायका पुष्कळ होऊन गेल्या, पण संताचे म्हणून जाणीवपूर्वक ठेवलेले नाव आणि मुळात चालत आलेले नाव यांतली रेषा इथे पुसट आहे. संत स्त्रियांची नावे मुळातच त्यांच्या काळातल्या साध्या बायकांची नावे होती. नामदेवांच्या घरातली नावे पाहा: आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई, आणि घरात राबणारी जनी. यातल्या अनेकींच्या नावावर अभंग आहेत. वारकरी घरांत मुलीला भक्तीचे नाव द्यायचे तर ते रखमा, चंद्रभागा, तुळसा असे देवीचे, नदीचे किंवा वृंदावनातले असे. मुलगा झाला तर ज्ञानोबा, मुलगी झाली तर रखमा. मुलाला संत आणि मुलीला देवी, असा काहीसा विभाग झालेला दिसतो. त्यामुळे आज मुलीला मुक्ताई किंवा सोयरा म्हणणे हे ‘परंपरा जपणे’ आहे असे म्हणताना थोडे सावध राहिले पाहिजे. ही बऱ्याच अंशी नवी निवड आहे आणि तिचा विचार नवी निवड म्हणूनच व्हायला हवा.

परत आलेली नावे आणि न आलेली

नावांच्या चढउताराचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास पश्चिमेत झाला. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखवले की नावांच्या आवडीनिवडीला स्वतःची अंतर्गत गती असते. मोठ्या सामाजिक घटनांचा परिणाम आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपासून थोडी बाजूला सरकते आणि त्या सरकण्यातून फॅशन घडते. याच विचाराला जोडून एक सर्वसाधारण समजूत आहे. आईच्या पिढीचे नाव शिळे वाटते, आजीच्या पिढीचे म्हातारे वाटते, पण ते नाव धारण करणारी माणसे डोळ्यांसमोरून गेली की पणजीचे नाव पुन्हा ताजे वाटू लागते. मराठी नावांवर हे काही प्रमाणात बसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगू, चिमा, काशी मागे पडून कमल, विमल, मालती, लीला, सुशीला आल्या. मग सुनीता, संध्या, वर्षा, स्मिता. मग पूजा, स्नेहा, प्रियांका. आणि आता सई, रमा, उमा, जिजा, मीरा, अहिल्या, गार्गी, मैत्रेयी ही खूप जुनी नावे पुन्हा ऐकू येतात.

पण हा सिद्धांत सर्व जुन्या नावांना सारखेच वागवतो, आणि मराठी अनुभव तसा नाही. सई परत आली, सखू आली नाही. जिजा परत आली, जनी फार थोड्यांकडे. मीरा तर कधी गेलीच नाही. बाई हा प्रत्यय तेवढा गळाला. बहिणाबाईंचे उदाहरण आणखी बोलके आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) आणि खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) अशी दोन मोठी नावे या एका नावामागे उभी आहेत. चौधरींची कविता पाठ्यपुस्तकांत आणि तोंडातोंडी आहे, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. एवढा सार्वजनिक मान मिळूनही बहिणा हे नाव बारशाला क्वचितच घेतले जाते. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, तिथून दर आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, आणि मुक्ता हे नाव मात्र शहरी सुशिक्षित घरांतही रुळले. मान दोघींना, पाळण्यात जागा एकीलाच. नावाच्या वयाने हा फरक उलगडत नाही.

उच्चाराने उलगडतो का? सखू, भागू ही ऊकारान्त नावे आजच्या कानाला बोजड वाटतात, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. मुलींच्या नावांत आकारान्त आणि ईकारान्त नावांचे वर्चस्व स्पष्ट आहे. पण मग जनी ईकारान्त आहे, जाई, जुई, सई यांच्याइतकीच सुटसुटीत. सोयरा आणि बहिणा आकारान्त आहेत. अर्थानेही फरक पटत नाही, कारण सई आणि सखू दोन्ही नावे मैत्रिणीचीच. तरी एक नाव सईबाई भोसले यांच्यामुळे राजघराण्याचे ठरले, आणि दुसरे नाटकसिनेमांतल्या मोलकरणीला बहाल झाले. शहरी मध्यमवर्गाच्या कल्पनेत सखूबाई, जनाबाई, गंगूबाई या धुणीभांडी करणाऱ्या बायका झाल्या आणि तिथून ती नावे पाळण्यात परतणे अवघड झाले. मनुस्मृतीच्या यादीतला नदीचा नियम ज्या समाजाने कधीच पाळला नाही, तोच समाज दासीवाचक नावाचा नियम, तो वाचलेला नसतानाही, आजवर पाळतो आहे. या वादातले माझ्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. जनाबाईंनी स्वतःला नामयाची दासी म्हणवले ते भक्तीच्या भाषेत. पण त्या दळण-कांडण करणाऱ्या, शेण्या वेचणाऱ्या घरकामाच्या बाईच होत्या, आणि विठ्ठल येऊन त्यांच्याबरोबर दळू लागतो हे त्यांच्या अभंगांचे वैभव आहे. तेच काम आज त्यांच्या नावाच्या आड येते.

दुःखाचे ओझे, चेष्टा आणि मुलीची इच्छा

संतनावांवरचा दुसरा मोठा आक्षेप स्त्रीवादी विचारातून येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. संत स्त्रियांची चरित्रे सोसण्याची चरित्रे आहेत. कराडच्या सखूला सासरच्यांनी बांधून ठेवले. १९४१च्या प्रभातच्या ‘संत सखू’ने ती कथा घराघरांत पोचवली. जनीच्या वाट्याला जन्मभर कष्ट. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बादशहाच्या शिपायांपासून सुटका मिळाली ती विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडूनच. बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार सोसल्याचे स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहिले आहे. मुलीला असे नाव देणे म्हणजे सहनशीलतेचा आदर्श तिच्या गळ्यात बांधणे, असा हा आक्षेप आहे. त्याला एक उत्तर रूढीतूनच मिळते. सीतेपेक्षा जास्त कोणी सोसले? आणि तरी जानकी, मैथिली, वैदेही ही नावे आज आवडीने ठेवली जातात. दुःख हा अडसर असता तर तो इथेही दिसायला हवा होता.

दुसरे उत्तर अधिक मोलाचे आहे आणि ते स्त्रीवादी अभ्यासातूनच आले. गेल्या चार दशकांत संत स्त्रियांकडे भक्त म्हणून पाहण्याबरोबर बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या स्त्रिया म्हणून पाहण्याची दृष्टी आली. सूझी थारू आणि के. ललिता यांच्या १९९१च्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ या संग्रहात जनाबाई आणि बहिणाबाई भारतीय स्त्रीलेखनाच्या उगमाशी आहेत. त्याच संग्रहात मुक्ता नावाची आणखी एक मुलगी आहे: फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, जिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. या दृष्टीने पाहिले की नावाचा अर्थ बदलतो. दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना समजावणारी धाकटी बहीण, चांगदेवांसारख्या वयोवृद्ध योग्याची गुरू झालेली कोवळ्या वयाची मुलगी, ही मुक्ताईची ओळख सोसण्याची नाही. मुक्ताई आणि बहिणा अभंगाच्या शेवटी स्वतःच्या नावाने बोलतात. सोयराबाई मात्र अनेक अभंगांत चोखोबाची बायको म्हणूनच सही करतात, त्यांचे स्वतःचे नाव मागे राहते. तेव्हा मुलीला सोयरा म्हणणे हा एका अर्थी ते राहून गेलेले नाव पुढे आणण्याचाही मार्ग आहे. हे उत्तर मला पटते, पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. अभंग वाचणाऱ्या घरात ते खरे ठरेल. ज्या घरात फक्त सिनेमातली सखू माहीत आहे, तिथे नावाबरोबर सोसण्याचीच गोष्ट येईल.

चेष्टेच्या भीतीबद्दल मात्र ठोस पुरावा तुटपुंजा आहे. नावाचा नोकरीवर परिणाम होतो का, यावर अमेरिकेत २००४ साली दोन गाजलेले शोधनिबंध आले आणि त्यांचे निष्कर्ष वेगवेगळ्या दिशांना जातात. बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन यांनी एकसारखे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. फ्रायर आणि लेव्हिट यांना मात्र जन्मावेळची कौटुंबिक परिस्थिती हिशेबात धरल्यावर वेगळ्या नावाचा पुढच्या आयुष्यावर स्वतंत्र परिणाम आढळला नाही. भारतात थोरात आणि अ‍ॅटवेल यांनी २००७ साली खासगी नोकऱ्यांसाठी असाच प्रयोग केला, पण तिथे कसोटीला लागले होते आडनाव. आपल्याकडे जात आणि धर्म ओळखण्याचे काम बहुतेक वेळा आडनावच करते, त्यामुळे जनी या पहिल्या नावाने एखाद्या मुलीची संधी जाईल असे म्हणायला आधार नाही. चेष्टा होईल ती शाळेच्या वर्गात, आणि मुलांची चेष्टा अन्वी किंवा कियारा या नावांनाही सोडत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक व्यावहारिक अडचण असते. निर्मळा या संतनावातला ळ रोमन लिपीत उतरत नाही. पासपोर्टवर ती निर्मलाच होते. मुक्ता, मीरा, वेणा यांना तो त्रास नाही.

याहून अवघड आक्षेप मुलीच्या स्वतःच्या इच्छेचा आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकोशी, नकुसा अशी नावे लादल्या गेलेल्या २८०हून अधिक मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. मुलगाच हवा होता, हे मुलीच्या नावातच लिहून ठेवणारी ही रीत होती आणि ती नाकारण्याचा हक्क त्या मुलींना मिळाला. नवी नावे निवडताना काहींनी ऐश्वर्यासारखी सिनेतारकांची नावे घेतली. म्हणजे मुलीला स्वतः निवडू दिले तर ती तिच्या काळातले नाव निवडते, असा एक निष्कर्ष निघतो, आणि संतनावांच्या कैवाऱ्यांनी तो मान्य करायला हवा. मात्र त्या मुली अपमानकारक नावाच्या खुणेपासून जितके दूर जाता येईल तितके जाऊ पाहत होत्या, ही परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. आदराने ठेवलेल्या जुन्या नावाबद्दल त्याच मुलींना काय वाटले असते, ते या प्रसंगावरून सांगता येणार नाही.

थेरींची नावे आणि सोयराचा प्रश्न

आधुनिक महाराष्ट्रात मुलींना पूज्य स्त्रियांची नावे जाणीवपूर्वक देण्याची सर्वांत मोठी लाट वारकरी परंपरेत आली नाही, ती बौद्ध समाजात आली. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर जुनी, हिणवणारी आणि देवादिकांची नावे टाकून सुजाता, यशोधरा, गौतमी, महामाया, संघमित्रा, आम्रपाली ही नावे घराघरांत आली. यातली गौतमी आणि आम्रपाली यांच्या गाथा ‘थेरीगाथे’त आहेत, त्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षुणी, म्हणजे जुन्यात जुन्या संत स्त्रिया. जुने नाव नव्या अभिमानाने कसे धारण करता येते याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. आम्रपालीचा दाखला तर फार अर्थपूर्ण आहे. ती वैशालीची गणिका होती. कान्होपात्रा हे नाव कोणी ठेवत नाही याचे कारण ती गणिकेची मुलगी, असे सांगितले जाते. बालगंधर्वांनी तिची भूमिका अजरामर करूनही ते नाव पाळण्यात आले नाही. आम्रपाली मात्र आली, कारण एका समाजाने तिला आपल्या नव्या इतिहासातली मानाची पूर्वज मानले. गणिकापण आडवे येणे अटळ नव्हते. नाव चालू लागते ते त्यामागे उभे राहणारी माणसे असली की.

याच ठिकाणी सोयराचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. सोयराबाई या चोखामेळ्यांच्या पत्नी, निर्मळा या चोखामेळ्यांच्या भगिनी. विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारणारा सोयराबाईंचा अभंग मराठीतल्या धीट रचनांपैकी एक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४८चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. तरी आंबेडकरी विचारात चोखोबांबद्दल दोन मते आहेत. एकाला त्यांच्या अभंगांत अन्यायाविरुद्धची वेदना दिसते, दुसऱ्याला पूर्वजन्मीच्या कर्माचे नाव घेऊन परिस्थिती पत्करणे दिसते. धर्मांतरानंतर वारकरी वारसा मागे ठेवणाऱ्या घरांना सोयरा या नावात परतण्याचे कारण दिसत नाही, आणि ही भूमिका पूर्ण समजण्यासारखी आहे. दुसरीकडे, सवर्ण सुशिक्षित घरात आता कोणी सोयरा हे नाव ठेवले, तर ते आदराने ठेवलेले असते की जातीचा इतिहास पुसून केवळ गोड आवाजासाठी उचललेले असते? त्यात भर म्हणजे महाराष्ट्राच्या मनात सोयराबाई म्हटले की अनेकांना आधी शिवाजी महाराजांच्या राणी आठवतात, आणि संभाजी महाराजांच्या वारसाहक्काच्या वादामुळे कादंबरी-नाटकांनी त्यांना खलनायिकेच्या जागी बसवले आहे. संत सोयराला तिच्या नावासाठी एका राणीशी झुंजावे लागते.

पुरुषसंतांच्या बाबतीत हा गुंता झाला नाही, हे इथे पुन्हा आठवण्यासारखे आहे. शिंप्याचे नामदेव, कुणब्याचे तुकाराम, ब्राह्मणांचे एकनाथ आणि ज्ञानेश्वर ही नावे सगळ्यांनी सगळ्यांची घेतली. चोखा हे नाव मात्र त्या वेगाने पसरले नाही. म्हणजे जातीची रेषा पुरुषनावांतही होती, ती फक्त एका ठिकाणी आखली गेली. स्त्रीनावांत ती अधिक ठिकाणी दिसते, कारण जातीच्या जोडीला तिथे कामाचीही रेषा येते: मुक्ता आणि रामदासांची शिष्या वेणा एका बाजूला, जनी आणि सखू दुसऱ्या बाजूला, सोयरा आणि निर्मळा त्याहून पलीकडे. मुक्ताला मिळालेली स्वीकृती बाकीच्यांनाही मिळावी, असे मला मनापासून वाटते, आणि ती नामदेव-तुकारामांप्रमाणे जातीजातींत पसरली तरच तिला अर्थ आहे.

काय अजून सुटलेले नाही

पहिली उणीव आकड्यांची आहे. अमेरिका आणि ब्रिटन दरवर्षी बाळांच्या नावांची अधिकृत यादी प्रसिद्ध करतात, त्यामुळे तिथे एखादे नाव चढले की घटले हे मोजता येते. भारतात जन्मनोंदणीतून अशी यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे जुन्या नावांच्या पुनरागमनाबद्दलचे सर्व दावे, या लेखातलेही, निरीक्षणावर उभे आहेत. नोंदणीच्या कागदांचे संगणकीकरण झालेले असताना व्यक्तीची ओळख उघड न करता फक्त नावांची संख्या जाहीर करणे अशक्य नाही, आणि मराठी समाजाच्या अभ्यासाला त्याचा फार मोठा उपयोग होईल.

दुसरा प्रश्न नावाच्या रूपाचा. मुक्ताबाई, मुक्ताई, मुक्ता. जनाबाई, जनाई, जनी. बाई लावले की नाव म्हाताऱ्या बाईचे वाटते, आई लावले की भक्तीचे, आणि काहीच न लावता ते आजचे. परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांना प्रत्यय गाळणे म्हणजे संतांचा अनादर वाटतो. पण जनाबाई स्वतः अभंगात जनी म्हणूनच येतात, तेव्हा या आग्रहाला संतसाहित्यातच आधार कमी आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रातली महदाइसा, उमाइसा अशी रूपे इतकी दूर गेली आहेत की आद्य मराठी कवयित्री म्हणून महदाइसेला, म्हणजेच महदंबेला, मान असूनही ते नाव परत येण्याची शक्यता फारच कमी. कुठल्या टप्प्यापर्यंत मागे गेलेले नाव परत आणता येते आणि कुठून पुढे ते केवळ ग्रंथातले होऊन राहते, हे कोणी नीट तपासलेले नाही.

तिसरा प्रश्न सोयरा आणि निर्मळा या नावांवर कोणाचा हक्क, हा आहे. त्यावर आज दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. संत सगळ्यांचे असतात, हे म्हणणे सोयराबाईंना ज्या मंदिराच्या पायरीबाहेर उभे राहावे लागले, त्या इतिहासावरून पटकन पुढे जाते. आणि ते नाव फक्त त्यांच्या समाजाचे असे म्हटले, तर ज्या समाजातल्या अनेकांनी ते मागे ठेवले आहे त्यांच्यावर ते पुन्हा लादल्यासारखे होते. या वादात आजवर बोलले आहेत ते मुख्यतः नाव ठेवणारे. ज्यांची नावे सोयरा, जनी, निर्मळा अशी आहेत त्या आजच्या बायकांना त्या नावाने काय दिले आणि काय घेतले, हे त्यांनाच विचारून लिहिलेले काम मराठीत व्हायला हवे. तोवर या तिसऱ्या प्रश्नावर ठाम मत देणे घाईचे होईल.